वहाणा

एकोणतीस वर्षं चोडणच्या फेरीवर
मी दोर बांधला, सोडला,
पुन्हा बांधला.
कोण कुणाबरोबर पलीकडे गेलं
आणि येताना एकटं का होतं,
मला ठाऊक असायचं.
डॉक्टरकडे म्हणून निघून
डॉक्टरकडे न गेलेली बाई.
पहाटेच्या फेरीला कठड्याशी तोंड करून रडणारे
पंचायतीतले सायब.
मी दोर बघायचो.
पाणी बघायचो.
रायबंदर आलं की रॅम्प खाली सोडायचो, बस्स.

निवृत्त झालो तेव्हा खात्याने शाल दिली
आणि आग्नेलच्या पोराने हा फोन लावून दिला.
त्यानेच दाखवली ती काळी खिडकी,
वर टोपी नि चष्मा.
"अंकल, हिच्यातून बघा, कुणाला कळत नाही."

टोपी नि चष्मा!
शिगम्यात पोरं तोंडाला रंग फासून सोंगं घेतात,
आम्ही पायांवरून ओळखतो,
हा शाणूचा, तो वेळगेकराचा.

रात्री आत भांडी उपडी घातल्याचा आवाज येतो
तेवढ्यात मी बलकांवावर बसून
कल्पिताला बघतो.
तीन वर्षं झाली. लग्नाला गेलो नाही आम्ही.
म्हणजे मी गेलो नाही,
आणि माझ्यामुळे तिची आई.
लिस्बनची पिवळी ट्राम. रॉयडनने वाढवलेली दाढी.
बाल्कनीतल्या कुंडीत कसलंसं रोप,
मला वाटतं कढीपत्ता.
मध्येच 'लॉग इन करा' अशी पाटी आडवी येते,
ती मी सारतो बाजूला.
हृदय दाबत नाही, नाव सांगत नाही,
पाऊल वाजू देत नाही.

चौथ्या की पाचव्या दिवशी
निधनवार्ता वाचत होतो
तर दोन मयतांच्या मध्ये
लोकरीची टोपी. मुठीएवढी. पिवळी.
मी कधी मागितली लोकर?
चोडणात कोण लोकर घालतो?
दुसऱ्या दिवशी मोजे.
मग पाळणा, सवलतीत.

तेव्हा परत गेलो त्या फोटोकडे
जिथे माझा अंगठा थांबला होता
आणि का, ते मला कळलं नव्हतं.
सैल झगा.
पोटावर सहज ठेवलेला हात.

माझ्याआधी कळलं त्याला.
कोण हा?

आमच्या बांधावर राखणदार फिरतो,
खांद्यावर कांबळ, हातात दांडा.
वर्षातून एकदा झाडाखाली नव्या वहाणा ठेवतो आम्ही
आणि जुन्या उचलून बघतो,
टाचा झिजलेल्या.
म्हणजे फिरला. आपल्यासाठी फिरला.
रोट घेतो, विडी घेतो,
सगळं बघतो नि गप्प राहतो.
हा दुसरा, अंगठ्यामागून चालणारा,
याच्या वहाणा कुठल्या झाडाखाली बघू?
याचं झिजतं काय?
हा बघतो
आणि बाजारात जाऊन सांगतो.
फेरीवर भेटला असता तर याला मी...
जाऊ दे.

काल ती शेजारी गेली, फोन ओट्यावर राहिला.
खवलेल्या नारळाशेजारी उजळला एकदम.
तीच टोपी.
एका घराचं वायफाय एकच,
आग्नेलचा पोर म्हणाला होता, विहिरीसारखं.
म्हणजे माझंच पाझरून तिकडे गेलं असेल.
किंवा तिच्याकडेही असेल एक काळी खिडकी;
दोन माणसांच्या भांड्यांना
एवढा वेळ का लागतो?
किंवा तिचंच पाझरून
माझ्याकडे आलं असेल.

मी फोन पालथा ठेवला.
ती आली, पालथा फोन बघितला.
मी दोर बघितला, कपडे वाळत घालायचा.
पाणी बघितलं, तांब्यातलं.

"डिसेंबरात तिकडे थंडी असते का हो?"
ती म्हणाली, खोबरं डब्यात भरता भरता.

"असते," मी म्हटलं.
कुठे, ते विचारलं नाही.